आजचा इशारा

अंजनवेल,
४ सप्टेंबर २००६

प्रिय सावनी,

हे पत्र मी टाइपरायटरवर बडवते आहे. चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि अक्षर पुसट उमटलं तर दोष रिबिनीचा. मला दोन्ही दिसत नाहीत, तेव्हा हसून घे आणि पुढे वाच.

मला नोकरी लागली! इथल्या मच्छीमार संस्थेत, वायरलेसवर. गोपाळगडाच्या चढावर संस्थेने एक खोली घेतली आहे, कारण उंचावरून आवाज लांब जातो. बारा ते पाच मी तिथे एकटी. माझी वहिनी काशी मला वर सोडते, टोपली घेऊन गुहागरच्या बाजारात जाते आणि परतताना घेऊन जाते. काम एवढंच. एक वाजता रत्नागिरीच्या जिल्हा संघाचं इंटरनेटवरचं पान उघडायचं, हवामानाचा इशारा घ्यायचा आणि समुद्रातल्या आपल्या बावीस होड्यांना सांगायचा. पूर्वी संघातून रोज फोन यायचा. आता पान झालं म्हणून फोन बंद झाला. आणि ते पान केलंय कोणी? दहावीला माझ्या वहीतली गणितं उतरवून पास झालेल्या आमच्या सावनीबाईंनी! संघाच्या माणसाने तुझं नाव सांगितलं तेव्हा मी उडालेच.

चेअरमन सखारामतात्या मला घ्यायला तयार नव्हते. "आंधळी पोर वर बसून काय करील?" म्हणाले. मग माझ्या खंडूदादाने शब्द टाकला आणि मी तात्यांना बोलणारा कॉम्प्युटर चालवून दाखवला. पडद्यावर लिहिलेलं सगळं तो इंग्रजीत मोठ्याने वाचतो, हे मी मुंबईला शिकले होते. तात्या गार पडले. पण तीन महिने बघणार आणि मग काय ते ठरवणार.

सावनी, ही नोकरी मला हवीच आहे. डोळ्यांची नस वाळली त्याला सात वर्षं झाली. घरात कोणी वावगं बोलत नाही, पण बसून खाल्लेला घास घशाखाली उतरत नाही गो.

तुझं पान छान बोलतं. आधी तारीख सांगतं, मग इंग्रजीत "आजचा इशारा" अशा अर्थाचं म्हणतं, आणि काही नसलं की गप्प बसून पुढचा फोन नंबर वाचतं. मला ते फार पटलं. बंदरावर वादळाचा बावटा नसला की होड्या सुटतात. "आज बावटा नाही हो" असं ओरडत कोणी फिरत नाही. तसंच हे. रोज ते गप्प असतं, रोज मी "आज काही नाही" सांगते आणि पलीकडून बावीस जण "बरं" म्हणतात.

तरी एक वाजत आला की मला भय वाटतं. बावीस होड्यांवर शंभरावर माणसं, आणि त्यात एक आमचा दादा. हे तुलाच सांगते आहे.

खोलीत फोन आहे, पण तो संस्थेचा. त्यावर गप्पा मारल्या तर तात्यांचे तीन महिने तीन दिवसांत संपतील. तू पत्रच लिही. काशीवहिनी वाचून दाखवते. ती सातवी शिकली आहे, तेव्हा अक्षर जरा सुवाच्य काढ.

तुझी,
रुचिरा


रत्नागिरी,
१२ सप्टेंबर २००६

प्रिय रुचिरा,

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. गणिताचा मजकूर तेवढा गाळला!

माझं पान तुला आवडलं याचा मला कोण आनंद झाला म्हणून सांगू. नोकरीतलं माझं हे पहिलं मोठं काम. आमचं ऑफिस म्हणजे चिंतामणी सर, मी आणि एक पंखा. संघाचे सेक्रेटरी आले तेव्हा म्हणाले, "आमच्या होड्यांचे निम्मे तांडेल अंगठेबहाद्दर, तुमचं इंग्रजी त्यांना काय कळणार?" मी दोन दिवस विचार केला आणि इशाऱ्याच्या जागी शब्द ठेवलेच नाहीत. सरळ बावट्याचं चित्र! लाल बावटा, त्यावर आकडा. शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही लांबून कळावं. इशारा असला की संघाचा कारकून चित्र चढवतो, नसला की जागा कोरी. बंदरावरच्यासारखंच, तू म्हणालीस तसं. तुझ्या बरोबर लक्षात आलं बघ. उद्घाटनाला कलेक्टर ऑफिसातल्या साहेबांनीसुद्धा मान डोलावली.

आणि काल सोमवारी पहिल्यांदा बावटा चढला. तीन नंबरचा! मी काम टाकून पडद्याकडे बघत बसले होते. इतका उठून दिसत होता. म्हटलं, आता तिकडे आमची रुचिरा बावीस होड्यांना हाका मारत असेल. खंडूदादा वेळेवर आले ना? त्यांना म्हणावं, तुमच्या बहिणीने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून तुम्हाला घरी आणलं.

तुझी,
सावनी


अंजनवेल,
१६ सप्टेंबर २००६

सावनी,

सोमवारी मी होड्यांना सांगितलं, "आज काही नाही."

तुझं पान गप्प होतं. रोजच्यासारखं "आजचा इशारा" म्हणालं आणि फोन नंबर वाचायला लागलं. चित्र माझ्या कॉम्प्युटरला दिसत नाही गो. तो फक्त अक्षरं वाचतो. चित्रामागे शब्द नसले की तिथे काही आहे हेसुद्धा तो सांगत नाही. म्हणजे बावटा असो की नसो, मला ऐकू येतं ते सारखंच. मी इतके दिवस कोऱ्या पानावर माणसं समुद्रात ठेवत होते.

त्या दिवशी वारा सुटला, पण वाऱ्यावरच भागलं. सगळे ओलेचिंब होऊन आले. रघू तांडेलाचं एक जाळं गेलं. त्यांना वाटलं, अवचित झालं. मलाही तसंच वाटलं होतं.

काल वहिनी तुझं पत्र वाचत होती. "तीन नंबरचा" इथे ती थांबली. मग म्हणाली, "सोमवार म्हंजे हे भिजून आले तो दिस ना? तू काय सांगितलं हुतंस त्यांना?" मी म्हटलं, "सांगितलं होतं वहिनी, त्यांनीच ऐकलं नाही." इतकं सरळ खोटं मी जन्मात बोलले नव्हते. ती पुढचं वाचायला लागली. पण तिचा आवाज निराळा लागत होता.

दोनदा कागद बदलला. ते पान आधी नीट कर. तात्यांना सांगितलं तर उद्या नोकरी जाईल. नाही सांगितलं तर काय जाईल, ते बोलवत नाही. आणि उत्तर असं पाठव की वहिनीला वाचता येणार नाही. फ्लॉपीवर पाठव. मराठीच लिही, पण इंग्रजी अक्षरांत. माझा कॉम्प्युटर साहेबासारखं बोलेल, मी समजून घेईन.

रुचिरा


(फ्लॉपीवरचे पत्र)
रत्नागिरी,
१९ सप्टेंबर २००६

प्रिय रुचिरा,

तुझं पत्र वाचल्यावर मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तसला बोलणारा प्रोग्राम उतरवून घेतला, पानावर मुद्दाम बावटा चढवला आणि पडदा बंद केला. "आजचा इशारा" म्हणाला आणि थेट फोन नंबर. तीनदा ऐकलं. ज्याला वाचता येत नाही त्याचा विचार मी दोन दिवस केला. ज्याला दिसत नाही असं माणूस तर माझीच बालमैत्रीण, आणि ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. चित्रामागे चार शब्द लिहायचे, जे डोळ्यांना दिसत नाहीत पण तुझा कॉम्प्युटर वाचतो. मी लिहूनही ठेवलेत. पण पान बदलायचा पासवर्ड चिंतामणी सरांकडे असतो. ते म्हणाले, "संघाने काम पसंत करून घेतलंय. आता बदल करायचा म्हणजे चूक होती असं आपणच सांगायचं. त्यांच्या दुसऱ्या कामाची बोलणी चालू आहेत. दसरा होऊ दे." मी म्हटलं, माणसं समुद्रात असतात सर. ते म्हणाले, "एका बाईसाठी?" आणि मी गप्प बसले, रुचिरा. मला भीती वाटली. ही माझी पहिली नोकरी आहे आणि घरात बाबांच्या पेन्शनीखेरीज माझाच पगार.

दसऱ्यापर्यंत असं कर. रोज एक वाजता मला ऑफिसात फोन कर, मी पान बघून सांगते. पानावर विश्वास ठेवू नकोस. आणि अजून कोणाला काही बोलू नकोस, तुझ्याही नोकरीचा प्रश्न आहे. तेरा दिवस फक्त.

तुझी,
सावनी


अंजनवेल,
२२ सप्टेंबर २००६

सावनीताईंस काशीचा नमस्कार.

मी तुम्हाला पाहिलेलं नाही. तुमची पत्रं मीच वाचते म्हणून ओळख. हे पत्र मी लिहिते आहे ते रुचिराला ठाऊक नाही.

काल बाजार लवकर आटपला म्हणून मी लवकर चढून गेले. दार लोटलेलं होतं. आत ते मशीन मोठ्याने बोलत होतं. साहेबाने मराठी बोलावं तसं, पण कळत होतं सगळं. मला वाचता येऊ नये म्हणून तुम्ही पत्र त्याच्यात घातलंत, आणि त्याला हळू बोलायला कोणी शिकवलं नाही. मी दारात उभी राहून ऐकलं. मग दहा पायऱ्या खाली उतरले, आणि आत्ताच आल्यासारखी हाक मारून परत वर गेले.

रुचिरा माझ्याशी खोटं बोलली ते मी गिळलं. ह्यांना सांगितलं नाही. हे सांगतील तात्यांना, आणि तिची नोकरी जाईल. सात वर्षं ती कोपऱ्यात बसून होती. आता सकाळी उठून स्वतः वेणी घालते, हे मी बघते ना. म्हणून गप्प आहे.

पण ताई, त्या होडीवर माझं कुंकू आहे. तुमचे सर दसऱ्याला थांबले. समुद्राला कोणी सांगायचं थांब म्हणून? रोज दुपारी मी वर जाऊन बसले असते, पण मासे पडून राहिले तर चूल कशावर पेटवू? तुम्ही फोन उचलता असं मशीन म्हणालं. तो उचला. एक दिवस चुकवू नका. मला तुमचा राग नाही, मला भय वाटतं. ह्यांना जाताना बघते आणि ते परत येईपर्यंत तोंडात पाणी घालवत नाही.

काशी


अंजनवेल,
३० सप्टेंबर २००६

सावनी,

सत्तावीस तारखेला, बुधवारी, तू फोन उचलला नाहीस.

एकला पाच कमी असताना मी पहिला फोन केला. मग दर दोन मिनिटांनी. बेल वाजत राहिली. संघाला लावला तर तो सारखा गुंतलेला. पान उघडलं. "आजचा इशारा", आणि गप्प. मी पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा गप्प. बाहेर कोणी चिटपाखरू नव्हतं. मी दारात जाऊन हाका मारल्या, म्हटलं एखादा गुराखी तरी येईल, पडद्यावर लाल काही आहे का एवढं सांगेल. कोणी आलं नाही.

सव्वा वाजता वायरलेसवर सगळे ओरडायला लागले, "बाय, आज काय? बोल ना गो." मी हातात माईक धरून बसले होते. "आज काही नाही" हे शब्द तोंडात तयार होते. ते मी बोलून टाकले असते तर संध्याकाळपर्यंत कोणाला काही कळलं नसतं. मग मी बोलले, "मला पान दिसत नाय. आज बावटा हाय का नाय ते मला ठावं नाय. अकरा तारखेला बावटा हुता आणि मी नाय म्हणून सांगितलं. आज तसं करणार नाय. सगळ्यांनी माघारी या."

मग जो कल्ला उठला! भर मोसमात जाळी टाकलेली. रघू तांडेल हसला. "ठावं नाय म्हणून कोण जाळं उचलतो काय?" त्याच्या होडीवरच्या गंगारामने वायरलेसवर मला दोनदा विचारलं. "बाय, नक्की सांग. हाय का नाय?" मी दोन्ही वेळा म्हटलं, ठाऊक नाही. तो म्हणाला, "बरं." तेवढंच.

तात्यांच्या घरी वायरलेस आहे. त्यांनी ते सगळं ऐकलं आणि धापा टाकत वर आले. "महिनाभर आमाला फसवलंस?" म्हणाले आणि खोलीची चावी काढून घेतली. मी एकटी भिंतीला धरून खाली उतरले. आई, आमची आवडाबाय, ओट्यावर मासे सुकवत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

चारच्या सुमारास वारा फिरला. तू रेडिओवर ऐकलंच असशील. तोवर एकवीस होड्या खाडीत आल्या होत्या. लोक आता म्हणतात, आंधळीला वाऱ्याचा वास लागला. खोटं आहे ते. मला काहीही कळलं नव्हतं. दादा आला तो थेट माझ्यापुढे बसला. म्हणाला, "तू वादळ हाय म्हणालीस असतीस तर मी अजून एक फेरी मारली असती. वादळं लई ऐकलीत. पण माझी बहीण अख्ख्या गावाला ऐकवून म्हणते की मला ठावं नाय, म्हटलं हिला फार भय वाटलंय, आता वळायचं." काशीवहिनी त्याच्या पाठीमागे उभी होती. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिला सगळं ठाऊक होतं म्हणे, त्या मशीनने बोंब मारली होती.

रघूची होडी आली नाही. दुसऱ्या दिवशी ती दापोलीकडे मुरुडच्या किनाऱ्याला फुटकी लागली. रघू आणि दोघं जाळ्याचे तरंगते तरंडे धरून वाचले. गंगाराम अजून मिळालेला नाही. आज तिसरा दिवस.

तात्या काल घरी आले. आईच्या हातात चावी दिली. "पोरीला वर पाठव," म्हणाले. मी गेले नाही. मला त्या खोलीची भीती वाटते. कानात तो "बरं" बसला आहे.

मला एकच सांग आणि खरं सांग. त्या दिवशी एक वाजता पानावर बावटा होता का? असेल तर गंगारामला मी मारलं. मी नुसतं "हाय" म्हणाले असते तर रघू फिरला असता. मी डोळस असते तर म्हणालेच असते. त्याची बायको आमच्या पलीकडच्या आळीत राहते. तिच्या दारावरून जाताना मी कुठल्या तोंडाने जाऊ ते तुझ्या उत्तरावर आहे.

रुचिरा


रत्नागिरी,
४ ऑक्टोबर २००६

प्रिय रुचिरा,

काशीवहिनी, हे पत्र मोठ्याने वाचा आणि काही गाळू नका.

आधी माझं. बुधवारी सर सकाळी म्हणाले, चिपळूणला एका गिऱ्हाइकाला काम दाखवायला चल. मी निघाले. सावर्ड्याच्या पुढे गेल्यावर मला एक वाजल्याचं लक्षात आलं. गाडी थांबवा, फोन करायचा आहे, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि सर मागे वळून बघतील म्हणून मिटलं. चिपळूणला पोचल्यावर बूथ शोधला तेव्हा दोन वाजून गेले होते आणि तुमच्या खोलीत कोणी उचलत नव्हतं. वहिनी, तुम्ही एक दिवस चुकवू नका म्हणाला होतात. मी तोच एक दिवस चुकवला. याची क्षमा मागायलाही जीभ रेटत नाही.

आता तुझा प्रश्न. पान कधी बदललं याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. ती मी काढली, दोनदा ताडून पाहिली आणि संघात जाऊन कारकुनालाही विचारलं. त्या दिवशी त्यांच्या फॅक्सचा कागद संपला होता. वेधशाळेचा कागद त्यांच्या हातात पडला साडेचारला. बावटा चढला पाच वाजून दहा मिनिटांनी.

एक वाजता पानावर काहीही नव्हतं, रुचिरा. मी फोन उचलला असता तर पानाकडे बघून तुला सांगितलं असतं की बावटा नाही. तू डोळस असतीस तर तूही तेच बघितलं असतंस आणि रोजच्यासारखं "आज काही नाही" म्हणाली असतीस. बावीसच्या बावीस होड्या चार वाजता बाहेर असत्या. त्यांत खंडूदादा असते. गंगारामला तू मारलं नाहीस. "नक्की सांग" असं तो ज्या घटकेला विचारत होता, त्या घटकेला अख्ख्या जिल्ह्यात त्याला नक्की सांगू शकेल असं पान नव्हतं. जे पान होतं, ते तसं मी केलं होतं. कोऱ्या जागेचा अर्थ "सगळं ठीक" असा मी लावला, तू लावलास, संघाने लावला. ठाऊक नाही हे शब्द त्यात कुठेच नव्हते. ते तू बोललीस.

सोमवारी, दसऱ्याच्या दिवशी, ऑफिस बंद होतं. मला चावी कुठे असते आणि सरांच्या वहीत पासवर्ड कुठे लिहिलेला असतो ते ठाऊक आहे. मी आत जाऊन पान बदललं. बावटा आहे तसाच आहे, वाचता न येणाऱ्यांसाठी. त्याच्यामागे आता शब्द आहेत. बावटा नसेल तेव्हाही पान गप्प बसणार नाही. इशारा नाही असं म्हणेल आणि किती वाजता पाहिलं ते सांगेल. आणि बारा वाजेपर्यंत कारकुनाने काही भरलं नाही, तर पान स्वतःहून म्हणेल, "माहिती आलेली नाही, इशारा नाही असं धरून चालू नका." काल सरांना कळलं. आजपासून येऊ नकोस म्हणाले. पान मात्र त्यांनी तसंच ठेवलं आहे, कारण संघाच्या सेक्रेटरींना तुमच्या तात्यांचा फोन गेला होता. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण त्यानंतर सेक्रेटरींनीच सरांना पानाला हात लावू नका म्हणून सांगितलं म्हणे.

पडदा बंद करून मी ते पंचवीस वेळा ऐकलं. मला बरोबर वाटतं. पण मला पहिल्यांदाही बरोबरच वाटलं होतं. माझ्या वाटण्याला आता काही किंमत नाही.

गंगारामच्या बायकोकडे तुझ्याआधी मला जायला हवं. रविवारच्या एसटीने येते. काय बोलायचं ते मला सुचलेलं नाही. तू बरोबर असलीस तर मी दारापर्यंत तरी पोचेन.

त्याआधी, पत्र मिळेल त्या दिवशी, वर जा. एक वाजता पान उघड आणि ते काय म्हणतं ते मला घरी फोन करून सांग. नंबर खाली लिहिला आहे. चुकीचं वाटलं तर चुकीचं म्हण. मी सकाळपासून फोनजवळ बसेन, रोज. मला फार भीती वाटते आहे.

तुझी,
सावनी